पंचफुला मावशीचे पाय

तुरीच्या ओल्या सोल्यांची भाजी आणि भाकर खाऊन मी अंगणातल्या बाजेवर आडवा झालो आहे. पौषातलं ऊन पोटावर आहे. पंचफुला मावशी, म्हणजे माझ्या बायकोची मावशी, भिंतीशी बसून शेगडीवर पाय शेकते आहे. लुगड्याचा काठ पार बोटांपर्यंत ओढलेला. ऐंशी वर्षांची बाई, एकटी राहते. ती बरी आहे का, एवढंच पाहायला मी आलो. आल्या आल्या विचारलं, तर म्हणाली, "मले काय धाड भरली?" म्हणजे झालं. तरी मनात काहीतरी अडकून आहे. डोळे मिटतात. शेगडीतला कोळसा तडतडतो, मग तो आवाज लांब जातो.

बाज करकरते. कडेला कुणीतरी बसतं.

"झोपले का जी?" नलिनी विचारते.

माझी बायको. तिला जाऊन आठ महिने झाले. मला हे माहीत आहे. तिलाही माहीत असावं, कारण ती तो विषय काढत नाही. अंगात निळं स्वेटर आहे, कोपरावर उसवलेलं.

"झोपलो नाही. जरा पडलो."

"पाहिली मावशी?"

"पाहिली. बरी आहे म्हणते."

"म्हणते!" ती हसते. "तोंडाले काय विचारता? तोंड तं माह्या काकाचंबी बरं होतं."

खरं आहे. नलिनी दर पौषात माहेरच्या साऱ्या म्हाताऱ्यांना भेटून यायची. तब्येत कशी आहे म्हणून कुणाला विचारायची नाही. पाया पडायला वाकायची, आणि एकदा वाकली की लवकर उठायची नाही. नखं पाहायची, घोटा दाबायची, तळवा गार आहे का ते बघायची. लोकांना वाटायचं, केवढी संस्कारी पोरगी! एकदा तिच्या काकाचा घोटा दाबला, तर अंगठ्याचा खड्डा पडला तो भरेचना. त्याच दिवशी तिने काकाला दवाखान्यात नेलं. काका पुढे नऊ हिवाळे जगला, आणि नऊही हिवाळे तिला शिव्या देत जगला.

"उठा," ती म्हणते.

आम्ही चालतो. अंगण संपत नाही. मातीची फरशी होते आणि दवाखान्याचा तो लांब व्हरांडा लागतो, जिथे तिच्याजवळ मी सतरा दिवस काढले. दोन्ही बाजूंना खाटा. प्रत्येक खाटेवर ब्लँकेटबाहेर नुसते पाय. नलिनी पायांवरून ओळखत जाते. "हा काका. ही मोठी आई. हा अण्णा मामा. एकाचाबी पाय कापू नाही देल्ला मी!" तिची मान ताठ आहे. त्या सतरा दिवसांत ती मान उशीवरून उठली नव्हती. आता ती माझ्या पुढे चालते आहे आणि मला पाय उचलावा लागतो.

शेवटच्या खाटेपाशी आमचं स्वयंपाकघर आहे. ओट्याखाली मावशी बसली आहे. लुगड्याचा काठ बोटांवर.

"वाका," नलिनी म्हणते.

"मी? मी जावई आहे."

आमच्यात जावई सासरच्यांच्या पाया पडत नाही. तेच जावयाच्या पाया पडतात. आज सकाळीसुद्धा मावशी माझ्या पाया पडली, आणि मी नेहमीसारखा उभा राहिलो.

"तूच पड ना," मी म्हणतो. "तुला सवय आहे."

"माहा हात पोचत नाही आता."

ती वाकून दाखवते. खरंच पोचत नाही. कितीही वाकली तरी हात वीतभर अलीकडेच राहतो.

"मावशी ओरडेल."

"ओरडू द्या. तुमचा मान मोठा का तिचा पाय मोठा?"

चव्वेचाळीस वर्षं मी तिचंच ऐकत आलो. मी वाकतो. गुडघा कटकन वाजतो.

"अवो जावईबापू!" मावशी किंचाळते. "या वयात पाप लावता का मले? सोडा!"

मी सोडत नाही. ती पाय ओढते. म्हातारीत जोर आहे.

"अंगठ्याखाली पाहा," नलिनी मागून सांगते. "शुगर आहे तिले. पाय बधिर झाला म्हणजे निखारा कळत नाही."

मी अंगठ्याखाली बोट नेतो. तिथे कातडी नाही. ओलं लागतं. मावशी पाप, पाप म्हणून ओरडते आहे, पण दुखतं असं एकदाही म्हणत नाही.

"सापडलं!" मी ओरडतो. "नले, सापडलं!"

नलिनी टाळी वाजवते. एकच, मोठी. "मंग? येते ना तुमाले!"

"सोडा ना बापू, पडीन मी!"

डोळे उघडतात. मी बाजेवर पालथा आहे, एक हात खाली लोंबतो आहे आणि त्या हातात मावशीचा पाय आहे. ती माझ्या अंगावर शाल टाकायला आली असावी. अर्धी शाल तिच्याच हातात आहे. दुसऱ्या हाताने तिने माझा खांदा धरला आहे आणि एका पायावर उभी आहे.

"झोपेत पाया पडता का कोणाच्या? कोणी पाहिलं म्हणजे?"

मी पाय सोडतो. माझी दोन बोटं पिवळी झाली आहेत. तेलात कालवलेली हळद, नुकतीच लावलेली. मी हात तिच्यापुढे धरतो. ती झटकन काठ खाली ओढते.

"कधी भाजलं?"

"थोडकसं आहे. दुखत नाही काही."

"म्हणूनच चल. आत्ताच. दवाखान्यात."

"मी नाही येत. नलीले जमलं नाही मले न्यायचं, तुमाले काय जमते?"

"ठीक आहे. मग मी बाहेर रस्त्यावर उभा राहतो आणि साऱ्या गावासमोर तुझ्या पाया पडतो. लोटांगण घालून."

मावशी तोंडाला पदर लावते. माझ्याकडे बघते. मी उठून खरोखरच फाटकाकडे निघतो.

"थांबा!" ती ओरडते. "चांगलं लुगडं तं नेसू द्या!"

ती आत जाते. ट्रंकेचं झाकण आपटतं. बोटांवरची हळद वाळत चालली आहे. मी हात धूत नाही.