चतुराबाईची ओसरी

कुरुंद्यातल्या नव्या घरांकडं बघितलं की खाजा मिया गवंड्याला शिसारी यायची, आणि त्यातली निम्मी घरं त्यानंच बांधलेली होती. समोरून बघावं तर पोपटी-जांभळा रंग, चकचकीत फरशी, गोल खांब, गच्चीवर जबडा वासून बसलेले सिमेंटचे दोन सिंह. बाजूला वळावं तर उघड्या विटा, गिलाव्याचा पत्ता नाही. आंघोळ न करता तोंडाला पावडर थापलेल्या माणसासारखी घरं, असं म्हणून तो पचकन थुंकायचा. ही सगळी त्या 'इलेव्हेशन'ची, म्हणजे घराच्या दर्शनी बाजूच्या नखऱ्याची कृपा. तो शब्द उच्चारतानासुद्धा त्याचं तोंड कडू व्हायचं.

चाळीस वर्षं हातात थापी धरलेला माणूस. बापाकडं काम शिकला तेव्हा गवंडी आधी विचारायचा, ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो, घरातलं म्हातारं माणूस कुठं बसणार. आता मालक मोबाइल नाकासमोर धरतो आणि म्हणतो, अस्संच पाहिजे.

गावातल्या हळदवाल्या प्रमोदनंही तेच केलं. हळदीला भाव आला, त्यानं मातीच्या माळवदाचं जुनं घर पाडलं आणि खाजाला बोलावलं. पाया आखायच्या दिवशी त्याची आई चतुराबाई काठी टेकत आली.

"खाजा, मला काही मागणं न्हाई बाबा. उगवतीकडं बसायपुरती ओसरी ठेव. हे गुडघे घेऊन उन्हाळ्यात मी कुठं जाऊ?"

"ठेवतो, माय. जबान दिली."

ओसरीची रेघ त्यानं स्वतःच्या हातानं ओढली, चांगली पाच फूट रुंद. आठ दिवसांनी प्रमोदनं ती चपलेनं पुसली. मोबाइलमधल्या फोटोत तिथं जिना होता. मावळतीला, रस्त्याच्या बाजूनं, खालपासून वरपर्यंत निळी काच होती.

"अरे, मावळतीचं सगळं ऊन घरात येईल," खाजा म्हणाला. "अन् म्हातारी कुठं बसंल?"

"एसी बसवू ना, चाचा. तुमी काहून चिंता करून राहिले? जमत न्हाई तर सांगा, वसमतचा ठेकेदार तयार हाय."

त्याच वेळी खाजा थापी फेकून निघून गेला असता तर बरं झालं असतं. पण गेला नाही. आपल्या गावचं काम वसमतच्या माणसानं न्यावं, हे त्याला सोसवलं नसतं. मान खाली घालून त्यानं जिना बांधला, काच बसवून घेतली, सिंह चिकटवले. वास्तुशांतीला प्रमोदनं त्याला टॉवेल-टोपी दिली तेव्हा लोकांनी टाळ्याही वाजवल्या. तो टॉवेल खाजानं घरी नेला नाही, सिमेंटचे हात पुसायला लावला.

एप्रिलात प्रमोदचा फोन आला. एका सिंहाचा जबडा निखळून पडला होता. खाजा भर दुपारी पोचला आणि उंबऱ्यातच त्याचा जीव घुसमटला. वीज गेलेली, एसी मुका. काचेला आतून हळदीची रिकामी पोती टांगलेली, तरी घर भट्टीसारखं पेटलेलं. सून कोमल लेकरांना घेऊन पार कोपऱ्यावरच्या लिंबाखाली जाऊन बसली होती.

"माय कुठं हाय?" खाजानं विचारलं.

प्रमोद हातातला सिंहाचा जबडा उलटापालटा करत राहिला.

"कोण, खाजा? हिकडं ये." आतल्या बाजूनं आवाज आला.

आवाज न्हाणीतून येत होता. दार उघडंच होतं. संडासाच्या भांड्यापासून हातभर अंतरावर, ओल्या फरशीवर पोतं अंथरून चतुराबाई भिंतीला टेकून बसली होती. शेजारी पाण्याचा तांब्या, ताटलीत उरलेली अर्धी भाकरी, तिच्यावर माशा. फिनेलचा उग्र वास खाजाच्या नाकात घुसला. ही फरशी त्यानंच बसवली होती. त्याला स्वतःच्या हातांची किळस आली.

"माय, इथं काहून बसली?"

"मग कुठं बसू? सगळ्या घरात हितंच गार हाय." म्हातारीनं भिंतीवरून हात फिरवला. तिच्या बोलण्यात टोमणा असता तर खाजाला बरं वाटलं असतं. पण ती खरंच खूश होती.

"येवढं मात्र बराबर बांधलंस बघ, खाजा. बसायला जागा ठेवतो म्हणला होतास, ठेवलीस."