उजवा प्रसाद

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, पेडण्याला माझी सख्खी बहीण आहे तिलाही नाही — आणि तिच्यापासून माझं एरवी काही लपत नाही. देवळात जाऊन देवीसमोर बोलून टाकावं असं कितीदा मनात आलं. पण तिला काय सांगायचं? ती तर तिथेच होती.

तुम्हाला सांगते आहे, कारण तुमची-माझी ओळख नाही. आणि मी दमले आहे. लपवण्याचेही कष्ट असतात हो, घरकामासारखे, रोजचे. आज केलं म्हणून उद्या चुकत नाहीत.

गोष्ट एका बोटीची आहे. आमचं घर गोव्यात, आमोण्याला. मागच्या दारी उभं राहिलं की माडांमधून मांडवी दिसते. तिथे खाली, चिखलात रोवलेल्या खुंटाला आमची बोट बांधलेली असायची. मोठी नव्हे. फायबरची, निळी, मागे छोटं इंजिन. पोटासाठी नव्हती ती — मासेमारीची नाही, भाड्याची नाही. नुसती हिंडायची. खाणी जोरात होत्या तेव्हा माझ्या नवऱ्याचा, उल्हासचा, खनिजाचा ट्रक चालायचा आणि हातात पैसा खेळायचा. त्या दिवसांत त्यानं ती आपल्या वडिलांसाठी घेतली. वाड्यावरच्या लोकांनी थट्टा केली, लोकांच्या दारात गाड्या येतात आणि ह्यांच्या दारात होडी आली म्हणून. उल्हास हसायचा. आबा हसायचेही नाहीत. ते तिच्याकडे बघत बसायचे.

आबा म्हणजे माझे सासरे. सगळा जन्म नदीतून खनिज वाहणाऱ्या बार्जींवर गेलेला. निवृत्त झाले आणि घरात त्यांना काही सुधरेना. पंख्याखाली बसले तर पंख्याच्या आवाजात बिघाड ऐकू यायचा, स्वयंपाकघरात आले तर माझा गॅस नीट पेटत नाही म्हणायचे. बोट आली आणि माणूस शांत झाला. रविवारी सकाळी बापलेक निघायचे. गऱ्या, आमिषाचा डबा, चहाचा थर्मास, पोदेराकडचे गरम पाव. दुपारी उन्हानं लाल होऊन परतायचे, दोन-चार शेवटाळी मासे घेऊन. ते मी साफ करायची, नारळ वाटून त्यांचं हुमण करायची. जेवताना नदीवरच्या गप्पा चालायच्या, कुठे भोवरा होता, कुठे मगर दिसली. मी वाढत असायची.

बघा, आलं की नाही? मी म्हटलं होतं बोटीची गोष्ट सांगते, आणि आले माझ्या वाढण्यावर.

मग खाणी बंद पडल्या. आज उघडतील, पावसाळ्यानंतर उघडतील, असं करत ट्रक दारात उभा राहिला तो राहिलाच. त्याच्या चाकांतून वेली वर चढल्या. शेवटी तो मिळेल त्या भावाला गेला, पण बँकेचा हप्ता काही गेला नाही. मुलीचं नर्सिंगचं शिक्षण चालू होतं. त्या काळात मी तांदूळ पाखडताना कणीसुद्धा वेगळी काढून ठेवायची. उल्हासला भाजीपाला वाहायला एक जुना टेंपो मिळत होता, डिचोलीहून म्हापशाला फेऱ्या मारायला. त्यासाठी हाती रोख हवी होती. आणि रोख करण्यासारखं घरात एकच उरलं होतं.

गिऱ्हाईकही चालून आलं. माझ्या माहेरच्या बाजूचा, पेडण्याकडचा, पर्यटकांना खाडीत फिरवणारा माणूस. उल्हासनं आबांना सांगितलं. आबा म्हणाले, बोट राहील. उल्हास म्हणाला, बोट राहील तर आपण काय खाणार? दोघांचं बोलणं बंद झालं. एका घरात, एका पंगतीत, माझ्यामार्फत बोलायचे — त्यांना विचार भात हवा का, त्याला सांग औषध संपलंय. तापट स्वभावाची दोन माणसं भांडली तर परवडतं. गप्प राहिली तर घर जड होतं.

शेवटी आबांनीच तोड काढली. देवीला विचारूया म्हणाले. प्रसाद घेऊया.

तुम्ही आमच्याकडचे नसाल तर सांगते. आमच्या देवळांत कौल लावतात. पुजारी पिटकोळीच्या फुलांच्या कळ्या पाण्यात भिजवून देवाच्या मूर्तीवर लावतो, उजव्या अंगाला आणि डाव्या अंगाला. मग गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट पाहतात. उजवीकडची कळी आधी पडली तर होय. डावीकडची पडली तर नको. लग्न, घर, ऑपरेशन — आमची माणसं ह्याच्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. आणि एकदा प्रसाद झाला की त्यावर अपील नाही. आबांनी सांगितलं, उजवा दिला तर विकू, डावा दिला तर उपाशी राहू पण ठेवू. उल्हास कबूल झाला.

पण विचारायला जाणार कोण? आबांचा पाय सुजलेला, आणि उल्हास गेला तर आबांना शंका राहणार. तेव्हा आबा म्हणाले,

"बायेक वचूं दी. तिका बोटीचें कितेंच पडूंक ना."

बाय म्हणजे मी. हिला जाऊ दे, हिला बोटीचं काही सोयरसुतक नाही. मला विश्वासानं निवडलं त्यांनी. मी कुठल्याच बाजूची नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. मंगळवार नव्हता की सण नव्हता, देवळात पुजारी आणि मी. त्यानं विचारलं, काय गाऱ्हाणं घालू? मी म्हटलं, मनात धरलंय ते देवीला विचारा. असंही चालतं आमच्याकडे. लोक घरची गोष्ट उघड बोलत नाहीत. उजवा म्हणजे विका, डावा म्हणजे ठेवा, हे मी मनातच म्हटलं, डोळे मिटून. त्यानं कळ्या लावल्या. समईची वात जरा तडतडली. खूप वेळ काही हललं नाही. मग डावीकडची कळी सुटली आणि खाली पडली.

"डावो दिलो गो," पुजारी म्हणाला, आणि ती कळी तुळशीच्या पानासकट माझ्या हातात ठेवली.

घरी आले. आबा ओसरीवर पाय लांब करून बसले होते. उल्हास दारात उभा. दोघंही बऱ्याच दिवसांनी एकमेकांच्या जवळ होते. मी कळी पदराच्या गाठीतून सोडून आबांच्या हातात दिली आणि म्हटलं,

"उजवो दिलो."

झालं. एवढंच. दोन शब्द. कळीवर काही लिहिलेलं नसतं ती कुठल्या अंगाची ते.

आता तुम्ही म्हणाल, घरात चणचण होती, पोरीचं शिक्षण होतं, कुणीही असंच केलं असतं. मीही स्वतःला हेच सांगत आले. देवळातून घरी येताना वाटेत सुचलं, पोरीचं तोंड डोळ्यांसमोर आलं, म्हणून बोलून गेले — असं. खोटं आहे ते. गाऱ्हाणं मनातच ठेवा असं मी पुजाऱ्याला का सांगितलं? बोट विकण्यात लपवण्यासारखं काय होतं? सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण पुजाऱ्याला प्रश्न कळला असता तर डावा कशाला मिळाला तेही कळलं असतं. मी देवळाची पायरी चढतानाच दार उघडं ठेवलं होतं. कौल मनासारखा पडला असता तर मी खरं बोलणार होते, एवढंच.

आणि त्याच्याही खाली आहे ते सांगते. पैसा भरपूर असता ना, तरी मला ती बोट जायला हवी होती.

मी त्या बोटीत एकदाच बसले. ती आली त्या दिवशी, पुढच्या टोकावर नारळ फोडला तेव्हा. माझं माहेर पेडण्यात, पण डोंगराकडचं, काजूंतलं. पाण्याची सवय नाही. बोट डुलली आणि मी किंचाळून आबांचा हात धरला. सगळे हसले, आबाही. मायेनंच हसले हो. त्यानंतर मला कुणी ये म्हटलं नाही. हिला पाण्याची भीती वाटते, हे घरात ठरून गेलं. आणि मी? मी तरी कधी म्हटलं का, की मलाही यायचंय? नाही म्हटलं. दर रविवारी मागच्या दारात उभी राहून इंजिनाचा आवाज लांब जाईपर्यंत ऐकत राहिले आणि आत येऊन नारळ खवायला बसले. त्यांना वाटायचं मला काही पडलेलं नाही. मला इतकं पडलं होतं की मी ती बोट माझ्या दारातून जाताना बघितली तेव्हा — लाज वाटते सांगायला — मला सुटल्यासारखं झालं.

देवीचा शब्द म्हटल्यावर विषय संपला. आबा सुजलेल्या पायानं खाली गेले, बोट धुतली, आतलं शेवाळ खरवडून काढलं. पेडण्याचा माणूस न्यायला आला तेव्हा त्याला इंजिनाची खोड समजावून सांगितली, थंडीत पहिल्यांदा दोरी कशी ओढायची ते. रस्सी स्वतः सोडली. मग उल्हासच्या खांद्यावर हात ठेवून वर आले. बापलेकांचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

आणि टेंपोनं आम्हाला तारलं, हेही सांगायला हवं. फेऱ्या वाढल्या, हप्ते फिटले, मुलगी नर्स झाली. उल्हास येईल-जाईल त्याला सांगतो, देवीनं उजवा दिला म्हणून आम्ही सावरलो. गेल्या महिन्यात मुलीला स्थळ आलं तर मलाच म्हणाला, तू जा प्रसाद घ्यायला, तुझ्या हाताला यश आहे. मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. मग तोच गेला.

तर मग बिघडलं काय? असं वाटतंय ना तुम्हाला? मलाही वाटलं होतं. आबांनी ते मला एका दुपारी सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं.

मी अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होते. ते माझ्याजवळ येऊन बसले. बोट जाऊन वर्ष झालं असेल. म्हणाले, देवीला ठाऊक होतं ती बोट म्हणजे माझा जीव. तरी तिनं काढून घेतली. उगीच नाही काढून घेत देवी. आणि मग माझ्याकडे बघून, अगदी हळू आवाजात,

"बाय, म्हजें कितें चुकलें आसतलें गो?"

माझं काय चुकलं असेल. ते सगळं आयुष्य मागे जाऊन शोधत होते. बार्जीवर एकदा एका खलाशाला त्यांनी आजारी असताना कामाला लावलं होतं, ते का? आईच्या शेवटच्या दिवसांत नदीवर होतो, घरी नव्हतो, ते का? कुठलं तरी असणार. माझ्यापुढे एकेक मांडत होते, मी बरोबर ते ओळखून दाखवीन अशा आशेनं. त्याच वेळी मला बोलता आलं असतं. आम्ही दोघंच होतो. तोंड उघडायचं होतं फक्त. मी म्हटलं, ऊन वाढलंय, आत चला.

त्यानंतर दर सोमवारी ते देवळात जाऊ लागले. देवीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचे — कळत नकळत झालेली चूक पदरात घे. डोळे मिटेपर्यंत घालत राहिले, तो पाय ओढत. एकदा नारळ फोडला तो नासका निघाला. घरी आले ते जेवले नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. देवीचा राग अजून गेलेला नाही असं त्यांच्या मनानं घेतलं. मी दाराशी उभी राहून त्यांच्या पाठीकडे बघत होते. तेव्हाही बोलले नाही.

पुढच्या सोमवारपासून मात्र मी काळजी घेऊ लागले. ढिगातला एकेक नारळ उचलायचा, कानाशी धरून हलवायचा, आतलं पाणी कसं वाजतं ते ऐकायचं, बोटांनी ठोकून बघायचा. चांगला भरलेला निवडून, शेंडी राखून सोलायचा आणि त्यांच्या पिशवीत घालायचा. त्यानंतर एकही नासका निघाला नाही. ते गेले तोवर माझ्या चुकीची माफी ते माझ्याच हातच्या नारळानं मागत राहिले.