रिकाम्या खोल्यांचा शेजारी

"वयनी, दूध उतू जाता हां!" आबा अशी हाक मारायचे, तेव्हा त्या खोलीत कोणीही नसायचं. वहिनी गावाला गेलेली असायची.

घाटकोपरच्या टेकडीवरची आमची चाळ गणपतीत ओस पडायची. सगळे कोकणातले. चोरांनाही ते ठाऊक होतं. एका वर्षी चार खोल्या फोडल्या, माझ्या आईची मोहनमाळ गेली. तेव्हापासून शेजारचे आबा मागे राहू लागले. एकटा माणूस, संपात गिरणी गेलेली, यांना कुठे रजा काढायचीय, असं सगळे म्हणत.

चाळ भरलेली दिसली पाहिजे, एवढीच त्यांची युक्ती. सकाळी कुलपं काढून नुसत्या कड्या लावायच्या, पडदे सोडायचे, दारोदार रांगोळी काढायची. ती इतकी वाकडी, की आई परतली की आधी ती पुसायची. एका खोलीत रेडिओ लावायचा, दांडीवर ज्याचे त्याचे कपडे वाळत घालायचे. आबांनी आईचं पातळ धुतलं यावरून बाबा तिला चिडवत. अनोळखी माणूस दिसला की दुधाची हाक. पुन्हा चोरी झाली नाही, आणि तिथेच आबा अडकले.

त्यांची म्हातारी आई आमच्याच गावात होती. गाडी सुटताना ते बाबांना सांगत, "आवशीक सांगा, पुढल्या वर्साक येतंय." म्हातारी मला विचारायची, माझ्या मुलाला तुम्ही कशाला धरून ठेवता?

एका वर्षी तिचा निरोप आला, दिसेनासं झालंय, एकदा आवाज तरी ऐकव. आबांनी ट्रंक भरली. जाऊ नका, असं कोणीच म्हणालं नाही. बाबा एवढंच म्हणाले, "जा आबा. चाळीचं काय, होईल ते होईल."

आबांनी ट्रंक परत कॉटखाली सरकवली. त्या थंडीत म्हातारी गेली.

पुढच्या गणपतीत ते नेहमीसारखे गाडीपाशी आले, बाबांना काही सांगायला तोंड उघडलं, आणि नुसतेच हसले. ते हसू तुम्ही पाहायला हवं होतं. मला अजून नीट लिहिता येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आबा वारले. यंदा गणपतीतच माझी सहामाही आली. चाळीतून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्याचं सगळ्यांना कौतुक. "तू आहेसच ना रे," म्हणत एकेकाने किल्ली माझ्या हातात ठेवली.

आज सकाळी आईचं पातळ दांडीवर टाकत होतो. जिन्यात अनोळखी पावलं वाजली. घाबरून मी समोरच्याच बंद दाराकडे तोंड करून ओरडलो, "आबा, दूध उतू जातंय!"

पावलं थबकली, आणि खाली उतरून गेली.