उताराची रेती

आमच्या कुळात भुताच्या गोष्टी सांगण्याचं काम माझ्याकडे आहे. लग्नघरी जेवणं आटोपली की पुतणे-भाचे माझ्याभोवती सतरंज्या ओढतात आणि मी नरडाणा स्टेशनवरची पांढऱ्या लुगड्यातली बाई, पारोळ्याच्या किल्ल्यातला घोडेस्वार, असा एकेक माल बाहेर काढतो. माल सगळा घरचा. नरडाण्याला मी कधी गाडीतून उतरलेलोसुद्धा नाही! ज्यानं स्वतःच्या हातानं इतकी भुतं घडवली, तो त्यांना कशाला भिणार? माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही.

म्हणूनच हे घरात कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर पोरं विचारतील — काका, यात घोडेस्वार कधी येतो?

मी जळगावला एका सरकारी कचेरीत ट्रेसर. म्हणजे इंजिनियरनं काढलेले नकाशे ट्रेसिंगच्या कापडावर गिरवायचे. आयुष्य फूटपट्टीच्या कडेकडेनं गेलं. मूलबाळ नाही. भाड्याच्या दोन खोल्या, आणि पुढच्या खोलीत खिडकीखाली काचेची एक पेटी... तिच्यात मासे.

हा शौक आमच्या मंडळींचा, म्हणजे इंदूचा. तिच्या मामेभावानं मुंबईहून दोन सोनेरी मासे आणले. मग तिनं लोखंडी पट्ट्यांची चौकट करवून घेतली, काचा लुकणानं बसवल्या, गिरणा नदीची रेती आणून ती पाणी नितळ येईस्तोवर धुतली. जाड्या माशाचं नाव तिनं ठेवलं 'रावसाहेब'. आमच्या साहेबांची चाल अगदी तशीच होती, हे मी कबूल करतो.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून — रेती. मला रेती सपाट हवी, तिला उताराची. मागच्या काचेला उंच, पुढे उतरती, आणि डाव्या कोपऱ्यात खळगा. ती डावखुरी होती, त्यामुळे तिच्या बोटांचे फराटे नेहमी त्याच कोपऱ्याकडे जायचे.

"हा काय घाट बांधलाय?" मी विचारायचो.

"अहो, घाण उताराला येते. नळी एका जागी लावली की काम झालं. तुम्ही सगळ्या रेतीवर नळी फिरवता, नि तोंडात अर्धी गिरणा घेता!"

हे शेवटचं खरं होतं. रबरी नळीनं खालचं गढूळ पाणी काढायचं तर आधी तोंडानं ओढावं लागतं, आणि नेमक्या वेळी नळी तोंडातून काढणं मला कधी साधलंच नाही. मी चूळ भरायला धावलो की मागून ती विचारायची, "आज चव कशी आहे?"

आश्विनात ती गेली. ताप आला नि उतरलाच नाही.

दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. घरात एवढी शांतता की रावसाहेब वळले तरी ऐकू येईल. एका सकाळी मी सगळी रेती घमेल्यात काढली, धुतली, परत पसरली आणि फूटपट्टीनं सपाट केली. आता नाव ठेवायला कोण होतं? पेटीवर फळी ठेवली, मांजराच्या भयानं वर पाटा ठेवला, घराला कुलूप घातलं आणि ऑफिसला गेलो.

संध्याकाळी आलो. उजेड होता अजून... रेती मागे उंच, पुढे उतरती. डाव्या कोपऱ्यात खळगा. त्यात सगळी घाण जमलेली. आणि उतारावर बोटांचे चार फराटे. वरचा पाटा जागचा हललेला नव्हता.

ऑफिसातल्या एका जाणत्या गृहस्थाला आडून विचारलं. ते म्हणाले, मासे रेती चिवडतात. चिवडतात, मलाही ठाऊक आहे. इथं एक खड्डा, तिथं एक खड्डा. घाट नाही बांधत.

दुसऱ्या सकाळी पुन्हा सपाट केली. संध्याकाळी पुन्हा उतार. मग तो रोजचाच शिरस्ता झाला. भीती? ती वाटायला हवी होती खरी. पण मी ऑफिस सुटलं की कुठं न रेंगाळता घरी यायला लागलो. कुलूप काढण्याआधी खाकरायचो — आतलं माणूस दचकू नये म्हणून! एका रविवारी मात्र पेटीसमोर दिवसभर ठाण मांडून बसलो. काही घडलं नाही. माझी मलाच लाज वाटली. बायको काम करताना असं टक लावून बघतं का कुणी? पुन्हा तसा बसलो नाही.

असा हिवाळा गेला. वैशाखात आखाजीला माझी थोरली बहीण, अक्का, पारोळ्याहून आली. कडेवर फडक्यात बांधलेली नवी मातीची घागर.

"भाऊ, इंदूनी घागर भरनी शे."

आमच्या खानदेशात आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरून पुजतात. उन्हाच्या कहरात ते माणूस पाणी पितं, तृप्त होतं आणि पुढच्या वाटेला लागतं. तिची ही पहिलीच आखाजी.

"पुढल्या वर्षी भरू, अक्का."

"आन तोवर ती काय पिई?"

"मी असलं काही मानत नाही."

"तू नको मानू! तहान तिले लागनी शे, तुले नई. मोठा साहेब व्हयना!"

ती तृप्त झाली की जाणार, आणि ती गेली की रेती सपाट राहणार... न मानणाऱ्या माणसानं हिशेब किती पुढचा केला होता बघा. अक्काला मी कारण सांगू शकेना. ती चुलीशी बसून पुरण वाटत होती, मी पेटीसमोर उभा होतो. त्या काचेत माझ्यासमोर पाणीच पाणी होतं. आणि तिला मी वैशाखात तहानलेली ठेवणार होतो. कशासाठी, तर संध्याकाळी मला सोबत हवी म्हणून.

"अक्का, भरू घागर," मी म्हटलं.

त्या सकाळी रेती मी सपाट केली नाही. खळग्यातली घाण काढताना मोडलेला उतार डाव्या हातानं, जमेल तसा, तिच्यासारखा परत केला. म्हटलं, आज तरी तिला काम नको. फळी ठेवली, पाटा ठेवला.

मग आम्ही दोघांनी स्वयंपाकघरात घागर मांडली, तिच्यावर आंबा ठेवला, नैवेद्य दाखवला. मी हात जोडले. "ये" म्हणायचं नव्हतं, "जा" म्हणवत नव्हतं. आम्ही तिथंच जेवलो. मधे कुणी उठलं नाही. दाराला आतून कडी होती. जेवण झाल्यावर अक्का वाऱ्याला म्हणून पुढच्या खोलीत गेली.

"भाऊ, हाई रेती कितली सरखी शे रे! पट्टी फिरावस का?"

मी उठून गेलो. रेती सपाट होती. पार कोपऱ्यांपर्यंत. कोपरे मला कधीच जमले नव्हते. माझी फूटपट्टी आदल्या दिवशी ऑफिसच्या टेबलावरच राहिली होती.

"हो," मी अक्काला म्हणालो, "पट्टी फिरवतो."

त्यानंतर काही नाही. रेती जशी ठेवावी तशी राहते. उन्हानं असेल, माशांनी असेल, एकट्या माणसाच्या डोक्यानं असेल... पण मग अक्कानं काय पाहिलं? मला आजतागायत उलगडा झालेला नाही.

रावसाहेब आहेत अजून. रेती मी आता उताराचीच ठेवतो. घाण खरंच खाली येते, नळी एका जागी लावली की काम होतं. आणि संध्याकाळी ऑफिस सुटलं की ज्यानं बोलावलं त्याच्याकडे जाऊन बसतो. कधी कधी न बोलावताही.