कॅसेटवरचा सत्यनारायण

अमेरिकेत हर्नडनच्या एका छोट्या कंपनीत मी लागलो तेव्हा आम्ही सगळे मिळून एका व्हॅनमध्ये मावत होतो. दोन कॉम्प्युटरना एकमेकांशी बोलायला लावणारी कार्डं बनवायचो. वर्षभरात ऑर्डरी इतक्या वाढल्या, की दर सोमवारी नवा माणूस दिसायचा. आल्याबरोबर त्याच्या हातात पाना द्यायचे, कारण आपलं टेबल ज्याचं त्याने जोडायचं असा तिथला रिवाज होता. मला त्याचं भारी कौतुक. दर शनिवारी कुणा मराठी घरी पॉटलक, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणून केलेलं जेवण, असायचं आणि मी वरणभात कालवता कालवता कंपनीची टिमकी वाजवायचो.

कॉलेजातला एक मित्र एका मोठ्या, जुन्या कंपनीत सुखाने नोकरी करत होता. "तिथे काय रिटायर होईपर्यंत बसणार? जॉइन हो यार," असं टुमणं मी त्याच्यामागे लावलं. शेवटी बिचारा आला. काही महिन्यांत त्याने घर घेतलं.

घराच्या सत्यनारायणाचा रविवार ठरला. त्याच्या आदल्या शुक्रवारी दुपारी साहेबाने मला खोलीत बोलावलं. ज्या गिऱ्हाइकाच्या जिवावर आम्ही उड्या मारत होतो, त्याने सगळी ऑर्डर कॅन्सल केली होती. सोमवारी माणसं कमी करायची, शेवटी आलेले आधी. माझ्या ग्रुपच्या यादीत पहिलंच नाव मित्राचं होतं.

'त्याच्याऐवजी मला काढा' असं म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, की दुसरं काही करता येणार नाही का? नाही, साहेब म्हणाला, आणि सोमवारच्या आत हे फुटलं तर तूही घरी जाशील. माझी ग्रीन कार्डची फाइल कंपनीच्याच वकिलाकडे होती. नोकरी गेली की तीही जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

तेव्हा आमच्या भागात भटजी मिळत नसत. कुणीतरी पुण्याहून आणलेल्या कॅसेटवर पूजा व्हायची. बटण दाबायचं काम माझ्याकडे आलं. भटजी 'पाणी सोडा' म्हणाले की टेप थांबवायची, मित्राने आणि त्याच्या बायकोने पाणी सोडलं की पुन्हा चालू करायची. फर्निचर अजून आलं नव्हतं, त्यामुळे भटजींचा आवाज हॉलभर घुमत होता. संकल्पात 'क्षेम' झालं, पुढे 'स्थैर्य' हा शब्द आला, आणि माझ्या बोटाने आपोआप बटण दाबून टेप थांबवली.

"काय झालं रे?" मित्राने विचारलं.

"टेप अडकली," मी म्हटलं.

पूजेनंतर त्याच्या बायकोने प्रसादाची पहिली वाटी मला दिली. "भावजी, आज हे घर झालं ते तुमच्यामुळे," ती म्हणाली. मी शिऱ्याची वाटी घेऊन कोपऱ्यात सरकलो. आत्ता सांगावं, बेसमेंटमध्ये नेऊन सांगावं, असं दहा वेळा मनात आलं. पण मिठाची गुळणी धरून बसलो. स्वतःची इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सोमवारी अकराच्या सुमारास मित्र टेबलावरचं सामान खोक्यात भरून निघाला. जाताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तू तरी वाचलास रे."

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. तो वर झोपला होता. दार त्याच्या बायकोने उघडलं, पाणी आणून दिलं आणि समोर जमिनीवर बसली.

"भावजी, एक विचारू? काल तुम्हाला माहीत होतं का?"

"नाही," मी म्हटलं.

तिने डोळे पुसले. "मी ह्यांना तेच सांगत होते. भावजींना माहीत असतं तर ते आपल्याला सांगितल्याशिवाय राहिले नसते."