कुणीतरी चरून गेलंय

मी वैजूवर जळायचे.

आज तिला जाऊन वर्ष झालं. आता तरी खरं लिहू दे.

वैजू पिशोर गावची, मी शहरातली, गारखेड्याची. एमएस्सी झूऑलॉजीला एकाच बाकावर. टॉपर मी, स्विमिंगची मेडल्स माझी. हिनं समुद्र पाहिला तोच बाविसाव्या वर्षी, आम्हा दोघींना कच्छच्या आखातात डुगाँगच्या सर्व्हेला घेतलं तेव्हा.

डुगाँग म्हणजे समुद्री गाय. माणसापेक्षा मोठी, लाजाळू, समुद्राच्या तळाचं गवत खाऊन जगणारी. आपल्याकडं फार थोड्या उरल्यात.

पहिल्याच आठवड्यात, ओहोटीला, आम्ही गुडघाभर पाण्यात. वैजूनं भीतीनं माझा दंड घट्ट धरलेला. गवतात एक उघडा पट्टा दिसला. मी वहीत लिहून मोकळी: बोटीच्या नांगराचा ओरखडा.

ती वाकून बघतच राहिली.

"नाय गं. मुळासकट खाल्लंय हे. म्हैस मोकळी सोडली की असाच पट्टा पाडत जाती. कुणीतरी चरून गेलंय हितं."

गाइड सर धावत आले. डुगाँगच होती.

रिपोर्टमध्ये तिचं नाव आलं. मी हसून 'काँग्रॅट्स' म्हटलं आणि त्या दिवशी जेवले नाही.

दोन वर्षांत मी परत आले, कॉलेजात शिकवायला लागले. सगळ्यांना सांगितलं, आईची तब्येत. आई ठणठणीत होती.

वैजू तिथंच राहिली. पोहायलाही शिकली.

जाळ्यात डुगाँग अडकली की केस होईल म्हणून कोळी गप्प बसायचे. ही त्यांच्या ओट्यावर जाऊन चहा प्यायची आणि एकच सांगायची: जाळं कापा, तिला सोडा, मग मला फोन करा.

सुट्टीत गावी आली की शाळेच्या मैदानावर पांढऱ्या फक्कीनं खऱ्या मापाची डुगाँग आखायची. पोरांना तिच्या पोटात झोपवून माप दाखवायची. दरवेळी मला फोन.

"ये की गं. तू माझ्यापेक्षा लई भारी सांगतीस."

दरवेळी माझी एक्झाम ड्यूटी.

मग ब्लड कॅन्सर. शेवटचं भेटले तेव्हा म्हणाली, "कोळ्यांना तुझा नंबर दिलाय. उचल फक्त."

मला तेव्हाही राग आला. जाताजाता कामाला लावतेय मला!

वर्षभर फोन आला नाही.

आज सकाळी पिशोरच्या शाळेत गेले. पहिल्यांदाच फक्की हातात घेतली. शेपटी चुकली, पोरं खदखदून हसली.

तेवढ्यात अनोळखी नंबरवरून व्हिडिओ कॉल. होडीत एक म्हातारा, हातात कापलेलं जाळं. मागं पाण्यात एक करडी पाठ खाली जात होती.

"छोड दिया. जिंदा है. वैजूबेन को बोल देना."

त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"बोलती हूँ," म्हटलं.

म्हणून हे लिहितेय. वैजू, सोडली गं त्यानं. जिवंत.

फोन मला आला, पण होता तुझ्यासाठीच. अजूनही जळते मी तुझ्यावर.

जा सुखानं. पुढचा फोनही मी उचलीन.