ढिली मॅट

मोबाइलवर गौतमचं नाव दिसलं तेव्हा मी वसमतच्या बाजारात हळदीच्या पोत्यावर बसून चहा पीत होतो. फोन उचलला आणि नेहमीसारखं म्हणालो, "बोला फिरकी महाराज, आज कुणाची दांडी?" पलीकडे त्याची बायको, सुनीतावहिनी. "भाऊजी, हे गेले. पहाटं छातीत दुखलं..." आयुष्यात मी नको तिथे नको ते पुष्कळ बोललोय, पण त्या दांडीच्या वाक्याला तोड नाही.

गौतम साखरा गावचा. डावखुरा फिरकी गोलंदाज, आमच्या भागातून राज्याच्या संघापर्यंत पोचलेला माझ्या माहितीतला एकटाच. कॉलेजात असताना हिंगोलीला आम्ही एका खोलीत राहायचो. संघात मीही होतो. मामाच्या दुकानाची हातगाडी मला मिळायची आणि खेळपट्टीवर अंथरायची काथ्याची मॅट तिच्यावरूनच मैदानात यायची, एवढीच माझी गुणवत्ता. मॅट अंथरून ताणायची आणि कडेनं खिळे ठोकायचे, हे खातं माझं.

नव्वदीतली गोष्ट, हिंगोली जिल्हा अजून व्हायचा होता. राज्याच्या संघासाठी निवडीच्या सामन्याला बाहेरून दोन साहेब आले होते आणि नेमकी त्याच दिवशी मी खिळ्यांची पिशवी खोलीवर विसरलो. खिशात होते तेवढे खिळे ठोकले, एका टोकाला नुसती माती लोटून दिली आणि कप्तानाला सांगितलं, एकदम टाइट. आता, मॅट ढिली असली की चेंडू तिला धरतो आणि भलताच वळतो. गौतमचा चेंडू तसा थोडाच वळायचा. त्याची खुबी ही की तो पडायचा ठरल्या जागीच. त्या दिवशी मात्र चेंडू हातभर वळायला लागला. फलंदाज वेड्यासारखे बघत राहिले, सहा जण परतले. माझी करामत मला तिसऱ्याच षटकात कळली होती. खेळ थांबवून मॅट ताणता आली असती. पण गौतम हसत होता, आणि साहेब लिहून घेत होते... मी गप्प बसलो.

निवड झाली. पुढे शहरातल्या गवताच्या खेळपट्टीवर चेंडू त्याच्या मूळच्या स्वभावानं थोडासाच वळला. साहेब विचारायचे, तो हिंगोलीचा टर्न कुठाय? कुणी बोटं बदलायला लावली, कुणी मनगट, कुणी खांदा. थोड्याच सामन्यांत तो बाहेर पडला. मग काही वर्षं एका कंपनीच्या संघात पगारावर खेळला. तिथंही तो टर्न शोधता शोधता खांदा गेला आणि तो साखऱ्याला परतला.

भेटला की विचारायचा, "लेका, माझ्या बोटातलं कुठं गेलं रे? हिंगोलीत तर व्हतं." मी म्हणायचो, शहरात तेलकट खाल्लंस, बोटं घसरून राहिली. तो हसायचा. खरं सांगावं असं दर वेळी वाटायचं. पण सांगितलं तर त्याच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस माझ्या विसरभोळेपणाच्या नावावर जमा होणार होता. ते धाडस झालं नाही. शिवाय माझी लाज होतीच, ती कशाला लपवू.

पुण्यानुमोदनाच्या श्रद्धांजली सभेत मला दोन शब्द बोलायला लावलं. मी त्याच्या घोरण्याचे किस्से सांगितले, मांडव हसला. जेवणं झाल्यावर वहिनींनी मला बाजूला घेतलं.

"भाऊजी, तुमी हसवलं, बरं वाटलं. पण एक सांगा. हे जन्मभर म्हणायचे, बोटातलं गेलं. गेलं काहून?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. मॅट, खिळे, माती.

"म्हंजे गेलंच नव्हतं?"

"न्हाई वहिनी."

"मग त्यांना सांगितलं काहून न्हाई?"

 उत्तराची वाट न बघता त्या घरामागे चालू लागल्या, मी मागोमाग. तिथे भिंतीपर्यंत शेणानं सारवलेला एक लांब पट्टा होता. "खांदा दुखायचा, तरी रोज सकाळी इथं बॉल टाकायचे. काय करून राहिले, इचारलं तर म्हणायचे, शोधून राहिलो."

भिंतीच्या अलीकडे जमिनीत भाकरीएवढा एक खळगा पडला होता, चेंडू आदळून आदळून गुळगुळीत झालेला. मी खाली बसलो आणि त्याच्या चारी बाजूंनी हात फिरवून पाहिला. बाकी सारवण जसंच्या तसं होतं. खळग्याबाहेर एकही वण नव्हता.